दोरीवाली घार

“आधी गजरा काढ आणि ही टोपी घाल.”

तात्या माळवदे माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मुलीला बघायला आलेला माणूस नाव विचारतो, शिक्षण विचारतो, फार तर स्वयंपाक येतो का विचारतो. यांनी खाकी टोपी पुढं केली. त्यात पुन्हा ते बघायला आलेच नव्हते. आम्हीच सगळे चपला हातात घेऊन बोरखिंडीचा डोंगर चढून स्वतःला दाखवून घ्यायला गेलो होतो.

मी आत्याकडं बघितलं, आत्यानं आण्णांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं. आण्णांनी हळूच मान हलवली. घातली टोपी. मोरपंखी सिल्कची साडी, नाकात नथ आणि डोक्यावर एसटीची टोपी. त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही हे माझं नशीब.

“गजऱ्यानं माश्या येतात. माश्या आल्या की माणूस हात हलवतो. हात हलला की आकडा चुकतो,” तात्या म्हणाले. “बस खुर्चीवर. साडेअकरा ते दोन गर्दीची वेळ आहे. बाकीचं नंतर बघू.”

बाकीचं म्हणजे माझं लग्न.

सत्तावीस वर्षं झाली या गोष्टीला. तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवर बसून त्यांनी लाउडस्पीकरवर गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावर पुकारायला काही उरलं नाही तेव्हा घरात बायकोच्या, म्हणजे माईंच्या, चपात्या मोजायला लागले. कुकरची तिसरी शिट्टी चार मिनिटं उशिरा झाली म्हणून कारण विचारायचे. मग पेपरात एक निवेदन आलं. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेला स्वयंसेवक हवे होते. थंडीत आपल्याकडं येणारे शिकारी पक्षी, म्हणजे गरुड, ससाणे, भोवत्या, घारी, वसंतात परत उत्तरेला जातात. जाताना डोंगराच्या खिंडीतून जातात. तिथं बसून ते मोजायचे. पगार नाही, भत्ता नाही. तात्या दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन खिंडीत जाऊन बसले.

माईंनी त्या संस्थेच्या नावानं सत्यनारायण घातला असं म्हणतात. मी विचारलं नाही कधी.

पण संस्थेनं त्या वर्षी पत्र पाठवलं होतं. एका वसंतात हजार पक्षी मोजले गेले तर बोरखिंड त्यांच्या नकाशावर जाईल आणि मोजणी दरवर्षी होईल. नाहीतर जागा बंद. आणि आम्ही गेलो तो मोजणीचा शेवटचा दिवस होता, मार्चमधला शेवटचा रविवार. तात्यांनी आत्याला निरोप दिला होता, “मुलगी बघायची तर खिंडीत आणा. मी जागा सोडत नाही.”

आणि आमची तर घाई होती. आण्णांनी पुढच्या रविवारी इचलकरंजीचं एक स्थळ ठरवून ठेवलं होतं. चार यंत्रमाग, एक म्हातारी आणि दुर्मुखलेला मुलगा. मला ते नको होतं, कारण मला धैर्यशील हवा होता. तात्यांचा मुलगा. आमचं दीड वर्षापासून ठरलेलं. फक्त ते ठरलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याला मीच फूस लावून हे स्थळ तिच्याकडून ‘सुचवून’ घेतलं होतं. तात्या हो म्हणाले तर झालंच. नाही म्हणाले तर धैर्यशील त्यांच्यापुढं तोंड उघडेल अशी आशा नव्हती. नाव धैर्यशील, पण बापानं हाक मारली की हातातला कप खाली ठेवून उभा राहायचा.

अजून एक अडचण होती. माळवद्यांचं घर माळकरी. अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आणि आमची पोल्ट्री. तीन हजार कोंबड्या. आत्यानं तात्यांना सांगताना “शेतीपूरक व्यवसाय आहे” एवढंच सांगितलं होतं. पूरक काय, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

तर मी खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर तात्या. मागं सतरंजीवर आण्णा, आत्या, पोह्यांचा डबा घेऊन माई, आणि मांडी घालून परीक्षेला बसल्यासारखा धैर्यशील. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि टोपी बघून खोकला काढला.

तात्यांनी माझ्या हातात एक छोटं यंत्र दिलं. अंगठ्यानं दाबलं की टक् वाजतं आणि आकडा एकानं पुढं जातो.

“नियम ऐक. पक्षी गोल गोल फिरत वर चढतात. फिरतात तोवर दाबायचं नाही. वर गेले, गोल सोडला, आणि तो वाळका पळस ओलांडून सरळ उत्तरेला निघाले की मग एकेक दाबायचा. गाडी स्टँडात फिरते तोवर सुटली म्हणत नाहीत. गेटाबाहेर पडली की सुटली. कळलं?”

“कळलं.”

“आणि खुर्ची सोडायची नाही. बावीस दिवस मी ही खुर्ची सोडलेली नाही. जेवण इथंच.”

“आणि इतर सगळं पण जवळपासच,” मागून माई म्हणाल्या.

तात्यांनी ते ऐकलं नाही. त्यांनी वही उघडून मला दाखवली. शाळेतल्या हजेरीपुस्तकासारखी मोठी वही. प्रत्येक दिवसाचं एक पान. वेळ, वारा, पक्षी, आकडा. अक्षर असं की छापल्यासारखं. मधेच एक पान होतं: दिवसभर ढग. गरुड शून्य. ससाणे शून्य. भोवत्या शून्य. घारी शून्य. एकेका तासाला शून्य, असे आठ तास.

“हे कशाला लिहिलंय?” मी विचारलं. “काही आलंच नाही तर?”

“न आलेल्या गाडीची पण नोंद असते, पोरी,” ते म्हणाले. “नाहीतर आलेल्यांवर कोण विश्वास ठेवणार?”

मला तो माणूस तिथं आवडला. खोटं कशाला बोलू, धैर्यशीलपेक्षा पण जरा जास्तच आवडला.

सकाळपर्यंत बेरीज नऊशे सोळा होती. एक वाजेपर्यंत आम्ही नऊशे अठ्ठ्याऐंशीवर गेलो. दोन भोवत्या गेल्या, लांब पंखांच्या, गवतावरून तरंगल्यासारख्या. एक मोठा गरुड गेला, त्याला तात्यांनी सवयीनं “उत्तरेकडं जाणारी जलद” असं पुकारलं. आणि बाकी सगळ्या घारी. दक्षिणेकडच्या ओढ्यातून वीस-पंचवीसचा थवा वर यायचा, डोक्यावर गोल गोल चढायचा आणि पळसावरून उत्तरेला जायचा. मी टक् टक् दाबत होते. अर्ध्या तासानं दुसरा थवा. मग तिसरा. तात्यांचा चेहरा असा फुलला होता की त्यांनी स्वतः होऊन मला पोहे घे म्हटलं. आत्यानं माझ्या पाठीत कोपर मारलं. काम होतंय, असा त्याचा अर्थ.

मग चौथा थवा आला.

“तेवीस आहेत,” तात्या दुर्बिणीतून बघत म्हणाले. “बारा पाहिजेत. तेवीस आहेत. माई, ऐकलंस का, झाले हजार.”

“ऐकलं,” माई म्हणाल्या. देवाला हात जोडतात तसे जोडले त्यांनी.

“ही बघ, ही दुसरी दुर्बीण घे. पहिली सुटते तिच्यावर नजर ठेव.”

मी दुर्बीण डोळ्याला लावली. थव्यातली सगळ्यात वरची घार गोल सोडून पळसाकडं वळली. आणि मला तिच्या डाव्या पायात लाल दोरी दिसली.

वीतभर लोंबणारी, नायलॉनची, लाल.

ती दोरी आमची होती. कोंबडीच्या खाद्याच्या पोत्यांना तशी दोरी येते. दिवाळीत ही घार पोल्ट्रीच्या मागं त्या दोरीत अडकली होती आणि मीच विळ्यानं दोरी कापून तिला सोडवलं होतं. पायातला तुकडा काही निघाला नाही. चोच मारली होती माझ्या मनगटावर, अजून खूण आहे. आम्ही तिला दोरीवाली म्हणायचो. उन्हाळ्यात उकाड्यानं रोज चार-सहा कोंबड्या मरायच्या. गडी त्या शेडच्या मागं उतारावर टाकायचे, आणि घारी जमायच्या. आमची पोल्ट्री डोंगराच्या त्या बाजूला, खिंडीच्या बरोबर उत्तरेला.

दोरीवाली कुठं सैबेरियाला चालली नव्हती. ती आमच्याकडं जेवायला चालली होती. जेवून, डोंगराला वळसा घालून, ओढ्यातून पुन्हा वर यायची आणि पुन्हा जेवायला. सकाळपासून मी त्याच वीस-पंचवीस घारी तीन वेळा मोजल्या होत्या.

मागं बघितलं. आण्णांचे डोळे पन्नाशीतसुद्धा घारीचेच. त्यांनी पण दोरी बघितली होती. तोंडातला पोह्यांचा घास तसाच. त्यांनी डोळ्यांनी मला सांगितलं: दाब.

खरंच, दाबायला काय जात होतं. बारा वेळा अंगठा हलवायचा. तात्यांचे हजार होणार, माईंचं घर सुखात राहणार, पोल्ट्रीचं नाव निघणार नाही, आणि त्या आनंदात तात्या म्हणणार, मुलगी पसंत आहे. नाही दाबलं तर इचलकरंजी, चार यंत्रमाग आणि ती म्हातारी.

दोरीवालीनं पळस ओलांडला.

“दाब,” तात्या म्हणाले.

माझा अंगठा हलेना. समोर वही उघडी होती आणि त्यात ती आठ शून्यं.

“अगं दाब. सुटली ती.”

“तात्या, ही मघाचीच आहे,” मी म्हणाले.

वर बाकीच्या घारी एकेक करून पळस ओलांडत होत्या आणि कुणी मोजत नव्हतं.

“कशावरून?” तात्यांनी विचारलं.

“तिच्या पायात आमची दोरी आहे.”

“आमची म्हणजे कुणाची?”

आत्या घाईनं म्हणाली, “अहो, लांबून असं वाटतं. पोरीला सकाळपासून ऊन लागलंय.”

“आमच्या पोल्ट्रीची,” मी म्हणाले.

पोल्ट्री हा शब्द उच्चारला आणि आण्णांनी कपाळाला हात लावला. तात्यांनी दुर्बीण खाली घेतली. आधी त्यांनी आण्णांकडं बघितलं, मग आत्याकडं.

“शेतीपूरक,” ते म्हणाले.

“पूरकच आहे की,” आत्या म्हणाली. “खत होतं.”

“पावणं, आता लपवून काय उपयोग,” आण्णा म्हणाले. “तीन हजार पक्षी आहेत. मेलेले मागं टाकतो. पण तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. दिवसभर तुम्ही बघता ती घार तरी काय ज्वारी खाते काय?”

“ती माझ्या घरात नांदायला येत नाही,” तात्या म्हणाले.

आण्णा खाली वाकून चपला शोधायला लागले.

तात्या उठले. बावीस दिवसांत पहिल्यांदा मोजणीच्या वेळेत त्यांनी खुर्ची सोडली. खुर्चीपासून उत्तरेचा कडा जेमतेम शंभर पावलं. बसल्या जागेवरून मधल्या उंचवट्यामुळं पलीकडचं काही दिसायचं नाही, आणि नियम म्हणजे नियम, म्हणून हा माणूस तिथवर कधी गेलाच नव्हता. आता गेला. आम्ही सगळे मागोमाग, प्रेताच्या मागं चालावं तसे.

खाली आमच्या शेडचे पत्रे चमकत होते. शेडच्या मागं तेवीसच्या तेवीस घारी उतरल्या होत्या. दोरीवाली एका पांढऱ्या कोंबडीवर पाय देऊन निवांत बसली होती. पाच मिनिटांनी दोन-तीन उठल्या आणि डोंगराच्या बगलेनं ओढ्याकडं, म्हणजे पुन्हा आमच्या खुर्च्यांच्या दिशेनं निघाल्या. तात्यांनी दुर्बीण वळवत वळवत त्यांचा सगळा वळसा बघितला.

“फेऱ्या मारतायत,” ते म्हणाले. “सिटी बस आहे ही.”

मला त्यांची इतकी दया आली की वाटलं, कुणीतरी हसावं आणि हे संपावं. पण कोण हसणार.

“म्हणजे आज नुसतं नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “बावीस दिवस.” मग एकदम वळले. “तुला माहीत होतं?”

हा प्रश्न धैर्यशीलला होता.

आता इथं सांगायला पाहिजे की मोजणीच्या दिवसांत धैर्यशील रोज बापाला जेवण द्यायला खिंडीत यायचा आणि “जरा पलीकडून वारा बघून येतो” म्हणून तास-दीड तास गायब व्हायचा. तो वारा बघत नव्हता. तो पोल्ट्रीच्या मागं, त्याच घारींच्या खाली, माझ्यापाशी बसलेला असायचा.

“होतं,” धैर्यशील म्हणाला. तेवढं खरं बोलला बिचारा.

“मग तू रोज तिथं काय करत होतास?”

म्हटलं आता हा सांगणार. सांगू दे एकदाचं. जे व्हायचं ते होऊ दे.

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि म्हणाला, “अंडी खायला जात होतो.”

सात पिढ्यांच्या माळकरी घरात त्यानं अंड्यांची कबुली दिली, पण माझी दिली नाही. त्याला तिथंच कड्यावरून ढकलावं असं वाटलं मला. अजूनही महिन्यातून एकदा वाटतं.

“रोज?” तात्यांनी विचारलं.

“रविवार सोडून.”

“आणि अंडी उकडून कोण देत होतं?” माईंनी विचारलं.

मी टोपी जरा डोळ्यांवर ओढून घेतली. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. तीस वर्षं कंडक्टरांचे खोटे हिशेब ऐकलेला माणूस तो, त्याला काय कळायचं राहणार होतं. पण तो विषय त्यांनी तिथंच सोडला. ते माईंकडं वळले.

“तू नाही काही बघितलंस?”

माईंनी पदर सारखा केला. “पाचव्या दिवशीच बघितलं. इकडं सावलीला आले होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“हजार झाले नसते तर तुम्ही घरी बसला असता,” माई म्हणाल्या. “मी कुकर किती वेळ सांभाळू?”

तात्या परत खुर्चीपाशी गेले आणि वही मांडीवर घेऊन बसले. पट्टी काढली, लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून घारींच्या ओळी खोडायला सुरुवात केली. पट्टी ठेवून, सरळ रेघ मारून. त्यात काही खऱ्या प्रवासी घारी पण असणार, पण त्या वेगळ्या कशा काढणार, म्हणून सगळ्याच गेल्या. बावीस पानं. आम्ही उभे. आत्यानं पोह्यांचा डबा बंद केला आणि पिशवी भरायला लागली. आण्णा हलक्या आवाजात तिला विचारत होते की इचलकरंजीच्या लोकांना निरोप आजच द्यायचा का उद्या. मी ते सगळं ऐकत होते. रडू येत होतं, पण ती टोपी घालून रडणं बरं दिसलं नसतं.

शेवटच्या पानावर तात्यांनी नवी बेरीज मांडली. दोनशे सात.

“पुण्याला हेच पाठवणार?” माईंनी विचारलं.

“दुसरं काय पाठवू?”

“मग जागा बंद होणार.”

“होऊ दे.” त्यांनी आकड्याखाली दुहेरी रेघ मारली. त्यांचे डोळे भरले होते. मग म्हणाले, “घरातली दोन माणसं इथं येत होती. दोघांना दिसत होतं. एकानंही सांगितलं नाही.”

“तुम्हाला सांगायची सोय आहे का?” माई म्हणाल्या.

आण्णा पुढं झाले. टोपी काढून हातात घेतली, त्यांची स्वतःची पांढरी. “पावणं, आम्ही निघतो. लपवलं ते चुकलं. पोरगी तोंडानं जरा फटकळ आहे, लहानपणापासून. मनात ठेवू नका.”

“थांबा. सही राहिली,” तात्या म्हणाले.

त्यांनी वही फिरवून माझ्यापुढं धरली. पानाच्या तळाशी दोन रकाने होते. ‘मोजणारा’ खाली त्यांची सही. ‘तपासणारा’ खाली कोरं. त्यांनी मागची पानं चाळून दाखवली. बावीसच्या बावीस पानांवर दुसरा रकाना कोरा होता.

“तपासणारं कुणी मिळालंच नाही,” ते म्हणाले. “तू तपासलंस. कर सही.”

मी पेन घेतलं. ‘वैजयंता’ लिहिलं आणि पुढं आण्णांचं आडनाव लिहायला पेन टेकवणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

“नुसतं नाव लिही. आडनावाची जागा मोकळी सोड,” तात्या म्हणाले. “आज खाडाखोड पुष्कळ झाली.”

आत्यानं पिशवी खाली ठेवली. माईंनी डोळ्याला पदर लावला. आण्णा एकदा वहीकडं, एकदा तात्यांकडं बघत राहिले.

“म्हणजे काय, तात्या?” धैर्यशीलनं विचारलं.